लिओ म्यूरिन
लिओ म्यूरिन (२३ जानेवारी १८२५, बर्लिन – १ जून १८९५, पोर्ट लुईस, मॉरिशस) हे जर्मन जेझुइट धर्मगुरू, बिशप, लेखक आणि कॅथलिक मताचे कट्टर पुरस्कर्ते होते. १८६७ पासून सुमारे वीस वर्षे ते मुंबईचे व्हिकर अपोस्टोलिक, म्हणजे पोपने थेट नेमलेले धर्मप्रमुख होते. पुणे, सातारा आणि सांगलीसह दख्खनच्या पठारावरील कॅथलिकांचा कारभारही याच काळात त्यांच्याकडे होता. मुंबईतील सेंट झेवियर्स महाविद्यालयाची स्थापना त्यांच्या कारकिर्दीत झाली. पारशी धर्मावरील त्यांच्या लेखनाची त्या समाजानेही दखल घेतली. आयुष्याच्या अखेरीस मॉरिशसमधून त्यांनी लिहिलेला फ्रीमेसनविरोधी फ्रेंच ग्रंथ मात्र यहुदीद्वेष्ट्या साहित्यात गणला जातो. आज त्यांचे नाव मुंबईतील कार्यापेक्षा या ग्रंथाच्या संदर्भातच अधिक वेळा आढळते.

जर्मनीतील जडणघडण

म्यूरिन यांचा जन्म प्रशियाच्या राजधानीत झाला. प्रशियाचे राजघराणे प्रोटेस्टंट होते, तर पश्चिमेकडील ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातील तिची प्रजा बहुतांशी कॅथलिक होती. मिश्र विवाहांतील मुलांचा धर्म कोणता, या प्रश्नावरून १८३७ मध्ये प्रशियाच्या सरकारने कोलोनच्या आर्चबिशपला अटक केली. या घटनेने जर्मनीतील कॅथलिकांची एक संपूर्ण पिढी राजकीयदृष्ट्या जागी झाली. तिढा सुटावा म्हणून पुढे योहानेस फॉन गाइसल यांना कोलोनमध्ये आणण्यात आले. ते १८४५ मध्ये आर्चबिशप आणि १८५० मध्ये कार्डिनल झाले. १८४८ मध्ये धर्मगुरूपदाची दीक्षा घेतलेले तरुण म्यूरिन या गाइसल यांच्या सचिवालयात काम करत होते.

राज्यसत्ता आणि धर्मसत्ता यांच्यातील झगडा त्यांनी असा जवळून पाहिला. पुढे मुंबईत पोर्तुगालच्या राजसत्तेशी आणि मॉरिशसमध्ये लेखणीच्या बळावर ‘गुप्त शत्रूं’शी त्यांनी जो संघर्ष मांडला, त्यामागे चर्चला सतत वेढा पडलेला आहे ही कोलोनमधील जाणीव असावी, असे मानण्यास जागा आहे.

१८५३ मध्ये त्यांनी जेझुइट संघात, म्हणजे येशूसंघात प्रवेश केला. पाच वर्षांनी, १८५८ मध्ये, ते मुंबईत आले. १८५७ च्या उठावानंतर कंपनीचे राज्य संपून राणीचे राज्य सुरू झाले, ते हेच वर्ष. त्याच वर्षी मुंबई आणि पुणे ही दोन्ही क्षेत्रे जर्मन जेझुइटांकडे सोपवण्यात आली.

मुंबईतील दुहेरी अधिकाराचा पेच

म्यूरिन यांच्यापुढील मुख्य प्रश्न समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पूर्वेकडील प्रदेशांतील बिशप नेमण्याचा आणि चर्चचा खर्च चालवण्याचा अधिकार पोपने पोर्तुगालच्या राजाला दिला होता. त्यास ‘पाद्रोआदो’ म्हणत. १६२२ मध्ये रोमने धर्मप्रसारासाठी ‘प्रोपगंडा’ नावाचे स्वतःचे मंडळ स्थापले आणि त्याच्यामार्फत आपले प्रतिनिधी थेट पाठवण्यास सुरुवात केली. १६६१ च्या विवाह-तहाने मुंबई बेट इंग्रजांकडे आले, परंतु तेथील चर्चवर गोव्याच्या आर्चबिशपची सत्ता टिकून राहिली. इंग्रजांना हे खटकत होते. १७२० मध्ये त्यांनी पोर्तुगीज धर्मगुरूंना बेटाबाहेर काढले आणि रोमने पाठवलेल्या कार्मेलाइट संघाच्या धर्मगुरूंना बोलावले. शतकाच्या अखेरीस बेटावरील चर्चची दोन्ही पक्षांत वाटणी झाली. एकाच शहरात, एकाच धर्माचे आणि एकाच पोपला मानणारे दोन धर्माधिकारी परस्परांना बेकायदा ठरवू लागले.

हा वाद धर्मशास्त्राचा नव्हता. देवळाच्या किल्ल्या, जमिनी, दफनभूमी आणि दानपेटी यांवरचा तो ताबा होता. त्याची झळ बसली ती मुख्यतः साष्टी, मुंबई आणि वसई भागातील मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांना. कुळे आणि वाड्या दोन पक्षांत विभागल्या गेल्या. एका पक्षाच्या धर्मगुरूने लावलेले लग्न दुसऱ्या पक्षाला संशयास्पद वाटे. १८५३ मध्ये माहीम येथील सेंट मायकल चर्चच्या ताब्यावरून पेच इतका वाढला, की बिशप अनास्तासियस हार्टमन स्वतः चर्चमध्ये ठाण मांडून बसले आणि अखेर सरकारला मध्ये पडावे लागले. हार्टमन यांनी १८५८ मध्ये मुंबई सोडली. त्यांच्यानंतर आलेले वॉल्टर स्टाइन्स हे १८६७ मध्ये कोलकात्यास गेले आणि त्यांच्या जागी म्यूरिन यांची नेमणूक झाली.

व्हिकर अपोस्टोलिक म्हणून कार्य

जेथे रीतसर धर्मप्रांत स्थापन झालेला नाही, अशा क्षेत्राच्या प्रमुखास व्हिकर अपोस्टोलिक म्हणतात. त्याला बिशपचा दर्जा देण्यासाठी लोप पावलेल्या एखाद्या प्राचीन धर्मपीठाचे नाव दिले जाते. म्यूरिन यांना पॅलेस्टाइनमधील अस्कलोनचे नाव मिळाले. म्हणून त्या काळच्या कागदपत्रांत ते ‘अस्कलोनचे बिशप’ म्हणून येतात. त्यांचा बिशपपदाचा दीक्षाविधी फेब्रुवारी १८६८ मध्ये झाला. डिसेंबर १८६९ मध्ये रोम येथे सुरू झालेल्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेस ते उपस्थित होते. पोपच्या अस्खलनशीलतेचा सिद्धान्त याच परिषदेने १८७० मध्ये संमत केला.

यानंतर लवकरच जर्मनीत बिस्मार्क यांनी कॅथलिक चर्चविरुद्ध मोहीम उघडली आणि जुलै १८७२ च्या कायद्याने जेझुइटांना जर्मन साम्राज्यात बंदी घातली. संघासाठी हे संकट होते, पण मुंबईला त्यामुळे शिकलेले मनुष्यबळ मिळाले. मायदेशात शिकवण्याची मनाई झालेले जर्मन जेझुइट शिक्षक आणि अभ्यासक मुंबई-पुण्याच्या शाळा-महाविद्यालयांत येऊ लागले.

रोमने म्यूरिन यांच्यावर दक्षिणेतील दोन नाजूक कामेही सोपवली. १८७६ च्या सुमारास मलबारमधील सुरियानी परंपरेच्या कॅथलिकांच्या तक्रारींची पाहणी करण्यासाठी, आणि नंतर मंगळूरच्या क्षेत्रातील परिस्थिती पाहण्यासाठी पोपचे प्रतिनिधी म्हणून ते गेले. मंगळूरच्या कॅथलिकांना आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी जेझुइट हवे होते. १८७८ च्या अखेरच्या दिवशी इटालियन जेझुइट तेथे उतरले आणि १८८० मध्ये सेंट अलॉयशियस महाविद्यालय सुरू झाले.

पुणे, सातारा आणि सांगली

१८५४ मध्ये मुंबईपासून वेगळे करून पुण्याचे स्वतंत्र क्षेत्र निर्माण करण्यात आले होते. तथापि जर्मन जेझुइटांच्या काळात त्याचा कारभार मुंबईच्या प्रमुखाकडेच राहिला. सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडे पसरलेल्या या क्षेत्रात सातारा जिल्हा आणि दक्षिण मराठा संस्थानांचा मुलूख येत असे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आजचा सांगली जिल्हा त्या वेळी अस्तित्वात नव्हता. सांगली हे पटवर्धन घराण्याच्या संस्थानाचे ठिकाण होते, आणि तासगाव, वाळवा, खानापूर हे आजच्या सांगली जिल्ह्यातील तालुके सातारा जिल्ह्यात मोडत. १९४९ मध्ये दक्षिण सातारा नावाचा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यालाच सांगली हे नाव मिळाले. साताऱ्याचे छत्रपतींचे राज्यही १८४८ मध्येच डलहौसीच्या धोरणाने खालसा झालेले होते. त्यामुळे म्यूरिन यांच्या काळातील ‘सातारा’ म्हणजे इंग्रजी अंमलातील एक मोठा जिल्हा, आणि त्याच्या कडेला संस्थानांचे तुकडे, असे चित्र डोळ्यांपुढे ठेवावे लागते.

या मुलखात कॅथलिकांची वस्ती अगदी विरळ होती. पठारावरील कॅथलिक म्हणजे प्रामुख्याने छावण्यांतील आयरिश शिपाई, गोव्याहून आलेले नोकरदार, आणि पुढे रेल्वेची माणसे. प्रोटेस्टंट मिशनरी येथे आधीच पोहोचलेले होते. अमेरिकन मराठी मिशनचे काम साताऱ्यात १८४९ पासून चालू होते. कोल्हापुरात १८५२ मध्ये आलेल्या रॉयल वाइल्डर यांच्या कामातून वाढलेले प्रेसबिटेरियन मिशन पुढे सांगली-मिरजेपर्यंत आले. ते मिशनरी गावागावांत फिरून मराठीत प्रवचने देत, शाळा काढत आणि पुस्तके छापत. म्यूरिन यांच्या जेझुइटांनी मात्र आपली माणसे मुंबई आणि पुणे या शहरांतील शिक्षणावर लावली. १८६७ मध्ये पुण्यात सेंट व्हिन्सेंट्स शाळा निघाली. खेड्यांत जाऊन मराठी बोलणारे जर्मन जेझुइट दिसतात ते प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, अहमदनगर जिल्ह्यात. सातारा-सांगलीच्या बाबतीत त्यांची कारकीर्द कागदावरील अधिकारापुरती राहिली असे म्हटल्यास चूक होणार नाही. आज हे दोन्ही जिल्हे पुणे धर्मप्रांतात येतात.

सेंट झेवियर्स महाविद्यालय

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. त्यानंतर इंग्रजी पदवी हाच सरकारी नोकरीचा मार्ग ठरला. कॅथलिक तरुणांना सरकारी एल्फिन्स्टन किंवा स्कॉटिश मिशनचे विल्सन महाविद्यालय यांशिवाय पर्याय नव्हता, आणि ही गोष्ट जेझुइटांना सलत होती. १८६९ मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालय सुरू झाले तेव्हा वर्गात अवघे दोन विद्यार्थी होते. संस्था कॅथलिकांसाठी काढलेली असली, तरी तिचे दरवाजे सर्वांसाठी उघडे राहिले. पारशी आणि हिंदू घराण्यांतील मुलेही लवकरच तेथे दिसू लागली. धर्मांतराच्या भीतीने मिशनच्या शाळांतून मुले काढून घेण्याचे प्रसंग मुंबईने पूर्वी पाहिले होते, ही पार्श्वभूमी लक्षात घेता हा विश्वास सहज मिळालेला नव्हता.

पारशी धर्माचा अभ्यास

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात जर्मन पंडितांची एक ठळक परंपरा होती. मार्टिन हाउग १८५९ पासून पुण्यात संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यांनी १८६२ मध्ये पारशांची पवित्र भाषा, ग्रंथ आणि धर्म यांवरील निबंध प्रसिद्ध केले. गेओर्ग ब्यूलर मुंबईत, तर फ्रान्त्स कीलहॉर्न पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते. ही मंडळी सरकारी शिक्षणखात्यातील भाषापंडित होती. म्यूरिन यांची वाट वेगळी होती. पौर्वात्य धर्मांचे त्यांचे वाचन विस्तृत असले, तरी त्यांचा हेतू ख्रिस्ती धर्माचे मंडन हाच होता, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही.

पारशी समाजाशी मिशनऱ्यांचे संबंध तोवर बिघडलेले होते. १८३९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला. प्रकरण न्यायालयात गेले आणि समाजात खळबळ माजली. १८४३ मध्ये विल्सन यांनी पारशी धर्माचे खंडन करणारा मोठा ग्रंथ लिहिला. पारशी दस्तुरांना आणि विद्वानांना आपल्याच ग्रंथांच्या अर्थाबद्दल बचावाच्या पवित्र्यात उभे राहावे लागले.

या पार्श्वभूमीवर म्यूरिन यांनी मुंबईत दिलेले ‘झरथुष्ट्र आणि ख्रिस्त’ या विषयावरील व्याख्यान वेगळे ठरले. विल्सन यांनी दोष दाखवले होते. म्यूरिन यांनी साम्ये शोधली. सत्यधर्माचे अंश प्राचीन जगात सर्वत्र विखुरलेले होते आणि ख्रिस्ती धर्मात त्यांची परिपूर्ती झाली, ही कॅथलिक भूमिका त्यामागे होती. म्हणजे निष्कर्ष ठरलेलाच होता. तरीही आपल्या धर्माविषयी एक युरोपीय बिशप आदराने बोलतो, याचे पारशी श्रोत्यांना अप्रूप वाटले. पुढे एका पारशी लेखकाच्या प्रस्तावनेसह म्यूरिन यांच्या निवडक लेखनाचे पुस्तकही निघाले.

मुंबईतून प्रस्थान

पाद्रोआदोचा तंटा म्यूरिन यांच्या काळात मिटला नाही. रोम आणि पोर्तुगाल यांच्यात जून १८८६ मध्ये नवा करार झाला आणि १ सप्टेंबर १८८६ रोजी भारतात रीतसर धर्मप्रांतांची रचना जाहीर करण्यात आली. मुंबईला आर्चबिशपचे पीठ मिळाले. पुणे स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि बर्नहार्ड बायडर-लिंडन हे जर्मन जेझुइट त्याचे पहिले बिशप झाले. मात्र या कराराने पोर्तुगीज पक्षाला दमणचे वेगळे धर्मपीठ दिले आणि मुंबई परिसरातील त्यांची चर्च त्याच्या हाती ठेवली. म्हणजे दुहेरी अधिकार संपण्याऐवजी त्याला मान्यताच मिळाली. तो खऱ्या अर्थाने संपला १९२८ मध्ये. रोमच्या थेट अधिकारासाठी वीस वर्षे भांडलेल्या माणसाला ही तडजोड कितपत रुचली असेल, हे सांगण्याची गरज नाही.

मुंबईचे पहिले आर्चबिशप म्हणून म्यूरिन यांची नव्हे, तर जॉर्ज पोर्टर या इंग्रज जेझुइटाची नेमणूक झाली. म्यूरिन यांना आर्चबिशप ही वैयक्तिक पदवी देऊन १८८७ मध्ये पोर्ट लुईसचे बिशप म्हणून मॉरिशसला पाठवण्यात आले. त्याच वर्षी मे महिन्यात, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त, मुंबईच्या मूळ कॅथलिकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण करून आपली संघटना स्थापली. गोव्याहून आलेल्या कॅथलिकांपेक्षा आपली ओळख वेगळी असावी हा त्यामागील हेतू होता.

मॉरिशस

मॉरिशस हे त्या वेळी ब्रिटिशांच्या अमलाखालील, पण फ्रेंच वळणाचे बेट होते. उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी १८३४ पासून तेथे भारतीय मजूर नेले जात होते. त्यांत मुंबई इलाख्यातून, विशेषतः रत्नागिरी आणि सातारा भागांतून गेलेले मराठी लोकही होते. म्यूरिन तेथे पोहोचले तेव्हा बेटावरील बहुसंख्य लोक भारतीय वंशाचे होते. योगायोग असा, की साताऱ्याच्या ज्या मुलखावर त्यांचा अधिकार बहुतांशी कागदोपत्री होता, तेथील माणसे समुद्रापार त्यांच्या नव्या धर्मप्रांताच्या हद्दीत राहत होती. ही मराठी वस्ती मुख्यतः हिंदूच राहिली आणि तिने आपले सण व भाषा जपली.

फ्रीमेसनविरोधी ग्रंथ

पोप लिओ तेरावे यांनी १८८४ मध्ये फ्रीमेसन संघटनेचा निषेध करणारे परिपत्रक काढले. त्यानंतर फ्रान्समध्ये या विषयावरील भडक पुस्तकांचा पूर आला. १८९३ मध्ये म्यूरिन यांचा फ्रेंच ग्रंथ पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. फ्रीमेसनरी म्हणजे सैतानाचे सभास्थान, असे त्याच्या शीर्षकातच म्हटलेले होते. मेसनांच्या तेहतीस पायऱ्या, यहुदी गूढविद्येतील संख्या आणि पौर्वात्य धर्मांतील चिन्हे यांची सांगड घालून, या सर्वांमागे ख्रिस्ती जगाविरुद्ध यहुद्यांचे एकच कारस्थान आहे, असा दावा त्यात केला आहे. या दाव्याला कोणताही ऐतिहासिक आधार नाही.

झरथुष्ट्र आणि ख्रिस्त यांच्यातील साम्ये शोधणारी पद्धतच येथे उलट्या दिशेने वापरलेली दिसते. दोन परंपरांत एखादा आकडा वा चिन्ह सारखे आढळले, की त्यांचा उगम एक मानायचा. तेव्हा उगम ईश्वरी प्रकटीकरणात सापडत असे, आता तो सैतानात सापडू लागला. आणखी एक गोष्ट विचित्र वाटते. मुंबईत १८४३ मध्ये स्थापन झालेल्या ‘रायझिंग स्टार’ या लॉजने भारतीयांना मेसन संघटनेत प्रवेश दिला आणि त्यात पारशी पुढारी अग्रभागी होते. ज्या समाजाच्या धर्माबद्दल म्यूरिन आदराने बोलले, त्यातील प्रतिष्ठित माणसे उघडपणे मेसन होती. त्यांची सभागृहे आणि त्यांचे दानधर्म म्यूरिन यांना वीस वर्षे दिसत होते.

याच सुमारास लिओ तॅक्सिल हा फ्रेंच लेखक, आपण पश्चात्तापाने कॅथलिक झालो आहोत असे भासवून, मेसनांच्या सैतानपूजेच्या कथा रचून छापत होता. अनेक धर्माधिकारी त्याच्या जाळ्यात सापडले आणि म्यूरिन त्यांपैकी एक होते. १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसमधील एका भरसभेत तॅक्सिल याने हे सारे आपण रचलेले थोतांड होते अशी कबुली दिली. त्यापूर्वीच, १८९६ मध्ये, इंग्रज लेखक आर्थर एडवर्ड वेट यांनी या लेखनाची चिकित्सा करताना म्यूरिन यांच्या ग्रंथातील चुका दाखवल्या होत्या. म्यूरिन मात्र १ जून १८९५ रोजी पोर्ट लुईस येथे मरण पावले होते. तॅक्सिलची कबुली त्यांच्या कानी पडली नाही.

ग्रंथाचे नंतरचे आयुष्य

तॅक्सिलचे पितळ उघडे पडल्यावर त्याच्या पुस्तकांचे हसे झाले, पण म्यूरिन यांचा ग्रंथ टिकला. आर्चबिशपची पदवी आणि विद्वत्तेचा थाट यांमुळे पुढच्या लेखकांना तो आधार म्हणून वापरता आला. विसाव्या शतकात स्पेनमध्ये जनरल फ्रँकोच्या राजवटीत त्याचे भाषांतर छापले गेले. ‘झायनच्या ज्येष्ठांचे मसुदे’ या बनावट दस्तऐवजाचा मागोवा घेणारे इतिहासकार नॉर्मन कोन यांनी १९६७ च्या आपल्या अभ्यासात, त्या बनावट दस्तऐवजापूर्वीच्या कारस्थान-कथांत म्यूरिन यांच्या ग्रंथाची नोंद केली आहे.

मुंबईतील त्यांच्या कार्याची सविस्तर माहिती जेझुइट इतिहासकार अर्नेस्ट हल यांच्या मुंबई मिशनच्या दोन खंडी इतिहासात येते. हल हे मुंबईच्या ‘एक्झामिनर’ या कॅथलिक साप्ताहिकाचे दीर्घकाळ संपादक होते, आणि पाद्रोआदोचा वाद हा त्यांच्या ग्रंथाचा खास विषय आहे.